आंबोलीचा ३ दिवसांचा बेडूक-साप-पक्षी कॅम्प, माझ्याकडून ५ पैकी ४ तारे

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मी आणि माझा १३ वर्षांचा मुलगा इथे जाऊन आलो. बुक करायच्या आधी मी सगळे रिव्ह्यू वाचले होते, बहुतेकांनी "खूप साप दिसले" नाहीतर "काहीच दिसलं नाही" एवढंच लिहिलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट, ही फोटो टूर नाही. कॅमेरा घेऊन जा, कोणी अडवत नाही, पण पहिल्या संध्याकाळी चहा झाल्याबरोबर प्रत्येकाच्या हातात एक पॅड, पेन्सिल आणि कोरा तक्ता येतो. वेळ, तापमान, हवेतला दमटपणा, प्राणी कुठे बसलाय, जमिनीपासून किती उंचीवर, काय करतोय. पेन्सिलच का तर पेनाची शाई पावसात वाहून जाते. मग रात्री ठरलेल्या वाटेवर बरोबर एक तास, अगदी हळू चालायचं आणि जे दिसेल ते लिहायचं. शून्य दिसलं तर शून्य लिहायचं, आणि तो शून्यसुद्धा तितकाच कामाचा असतो हे दादांनी (आमचे गाईड, आंबोलीचेच आहेत) इतक्या वेळा सांगितलं की आता घरी मुलगा मला ऐकवतो.

निघायच्या आधी सगळ्यांचे गमबूट जंतुनाशकाच्या पाण्यात बुडवून ब्रशने घासून घेतले. मला आधी वाटलं स्वच्छतेचं काहीतरी असेल, पण कारण वेगळं आहे. कायट्रिड नावाची बुरशी बेडकांच्या कातडीला लागते, जगात कितीतरी जाती तिने संपवल्यात आणि सह्याद्रीतही ती सापडलेली आहे, ती एका ओढ्यातून दुसऱ्या ओढ्यात आपल्या बुटांच्या चिखलातून जाऊ शकते. आमच्यातल्या एका ताईंनी छोटा बेडूक उचलायला हात पुढे केला तर दादा पटकन म्हणाले, "ताई नको, तुमच्या हाताला डासांचं क्रीम आहे, तो कातडीतून सगळं ओढून घेतो." रागावून नाही, समजावून. मला हे फार आवडलं.

आता आंबोली टोड, म्हणजे बेडकाचाच एक प्रकार. ज्यासाठी आम्ही एवढ्या लांबून गेलो होतो तो. अंगावर वाघासारखे पट्टे म्हणून शास्त्रीय नावातही टायगरिना आहे, २००९ मध्ये वेगळी जात म्हणून त्याची नोंद झाली आणि तो मिळतो तो या आंबोलीच्या पट्ट्यातच. पहिला पाऊस पडला की जांभ्याच्या उघड्या कातळावर दोन बोटं पाणी साठतं ना, तिथेच यांचं सगळं चालतं. त्या रात्री आम्ही एका कातळावर उकिडवे बसलो होतो, टॉर्च तिरका धरून, आणि समोर हाताच्या अंतरावर एक जोडी, मादीच्या पाठीवर नर घट्ट धरून बसलेला, पिवळ्यावर काळपट पट्टे, पाण्याचा थेंब पडला की मादी एक पाऊल सरकायची आणि परत थांबायची. त्या एवढ्याशा पाण्यात अंडी, त्यातच पिल्लं वाढणार, मध्ये पावसाने चार-पाच दिवस ओढ दिली की डबकं आटलं आणि सगळं गेलं. आणि त्या कातळापासून रस्ता किती लांब? वीसेक पावलं. परत येताना मुलाने रस्त्यावर चिरडलेले टोड मोजले, ५ भरले. तक्त्यात "मृत, रस्ता" असं लिहिताना त्याचा चेहरा बघवत नव्हता. शनिवार-रविवारी धबधब्यावर जाणाऱ्या गाड्यांची जी रांग लागते ती बघितली की पोटात गोळा येतो. कृपा करून पावसाळ्यात घाटात रात्री गाडी हळू चालवा.

दुसऱ्या दिवशी पाऊस जरा थांबला तेव्हा आंबोलीजवळच्या चौकुळच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर गेलो. तिथे मुलाने विचारलं की दादा, हे मोजून होतं काय? त्यावर दादांनी साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या सड्याची गोष्ट सांगितली आणि मला वाटतं अख्ख्या कॅम्पचे पैसे तिथेच वसूल झाले. त्या सड्यावर पवनचक्क्या आहेत. अभ्यासकांनी पवनचक्क्यांचा भाग आणि बिनपवनचक्क्यांचा भाग असं दोन्हीकडे मोजलं, तर चक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपट कमी भरले. आणि खाली सरडे वाढलेले! खाणाराच नाही म्हटल्यावर. त्या सरड्यांच्या रक्तात भीतीचं हार्मोन कमी निघालं, माणूस अगदी जवळ गेला तरी ते पळत नव्हते, आणि गर्दी वाढल्यामुळे खाण्याची ओढाताण, त्यामुळे तब्येत उतरलेली आणि नरांच्या गळ्याच्या पंख्याचा रंगही फिका पडलेला. हे सगळं २०१८ साली छापून आलं. वर आभाळात घारी-ससाणे कमी झाले तर खाली सरड्याच्या गळ्याचा रंग बदलतो, हे कुठल्याही फोटोवरून कळलं नसतं, मोजूनच कळलं. त्या सरड्यांच्या गटाला शास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये नावच सरडा दिलंय, आपला मराठी शब्द, हे ऐकून मुलगा जाम खूश.

पक्षी सकाळी. शीळकस्तूर पहाटे पाचला खोलीच्या मागेच शीळ घालत होता, अलार्म लावायची गरज पडली नाही. तिबोटी खंड्या मात्र एकदाच, मातीच्या दरडीतल्या बिळाकडे तोंडात पाल घेऊन आला आणि आम्हाला बघून फांदीवरच थांबला, लगेच दादांनी सगळ्यांना मागे घेतलं कारण आपण उभे असेपर्यंत तो पिल्लांपाशी जाणार नाही. दोन मिनिटंसुद्धा बघायला मिळाला नाही, तक्रार नाही.

मलबार पिट व्हायपर दुसऱ्या रात्री दिसला, हिरवट, कारवीच्या फांदीवर. हा साप एकाच जागी कितीतरी दिवस भक्ष्याची वाट बघत बसतो म्हणे. तिथे आमच्या आधी दुसरा एक ग्रुप होता, त्यांच्यातला एकजण काठीने त्याला "चांगल्या" फांदीवर घेत होता. आमच्या दादांनी त्यांना थांबवलं, वाद झाला, पण दादा हटले नाहीत. आम्हाला सांगितलं की नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांसाठी जे प्रतिविष मिळतं ते याच्या विषासाठी बनवलेलं नाही, त्यामुळे दोन मीटरच्या आत कोणी जायचं नाही. आम्ही लांबूनच बघितलं आणि उंची नोंदवली, १ मीटर १० सेंटीमीटर.

आणि होमस्टेच्या पाण्याच्या टाकीवरचा फेस! उडत्या बेडकाची मादी पाण्यावर झुकलेल्या फांदीला पायांनी फेस घुसळून घरटं करते, तसं एक घरटं तिथे होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी जोराचा पाऊस आला आणि फेस खालून मऊ पडून त्यातून पिल्लं एकेक करून टाकीत टपकायला लागली. चहा गार झाला पण कोणी हललं नाही.

आता एक तारा का कापला. बुकिंगच्या वेळी ८ जणांची बॅच सांगितली होती, प्रत्यक्षात आम्ही १४ होतो. रात्रीच्या वाटेवर १४ माणसं म्हणजे मागच्यांना फक्त पुढच्यांची पाठ दिसते, आणि एवढ्या पायांखाली काय येतं कोण बघणार? जी माणसं बेडकांची इतकी काळजी घेतात त्यांनी हे करायला नको होतं. मी तोंडावरही सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं. दुसरं, जातींची जी यादी देतात ती पूर्ण इंग्रजीत आहे. मुलं मराठी शाळेतली असतात, देवगांडूळ, चापडा, फुरसं, खंड्या ही नावं आपल्याकडे आहेत, ती छापा. कपडे वाळवायला जागा नाही, तिन्ही दिवस ओलेच मोजे.

जेवण उत्तम, कुळथाची पिठी आणि गरम भात रात्री साडेअकराला परत आल्यावर मिळतो तेव्हा दुसरं काही नको वाटतं. माणशी ६५०० रुपये घेतले, त्यात गमबूट धरून, पण लहान मुलांच्या मापाचे नाहीत, स्वतःचे न्या. हेडटॉर्च लाल उजेडवाला घ्या, दोन जोड सेल ठेवा. आम्ही सावंतवाडी स्टेशनवरून एसटीने गेलो, काही त्रास झाला नाही. टोड बघायचे असतील तर पहिल्या पावसाच्या आसपासचीच तारीख घ्या, मंगळवार ते गुरुवारवाली बॅच मिळाली तर उत्तम, आणि पैसे भरायच्या आधी किती जण आहेत ते फोन करून पक्कं विचारून घ्या.