नव्या लिनक्सवर वायफाय: ड्रायव्हर टाकावा, डोंगल घ्यावं, कार्ड बदलावं की वायर ओढावी?

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा आधार संपला आणि आमच्या दारव्हा-दिग्रसकडच्या गावांतून जुन्या मशीनवर लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकट प्रणाली, टाकून मागणारे माझ्याकडे जास्त येऊ लागले. मशीन धड असतं, मिंट किंवा उबुंटू ही लिनक्सची रूपं अर्ध्या-पाऊण तासात बसतात, पडद्यावर सगळं नीट दिसतं. दुसऱ्या दिवशी फोन येतो: "भाऊ, बाकी सगळं झालं, पण वायफाय दिसूनच नाही राह्यलं."

इथून चार वाटा फुटतात. त्यातली कोणती घ्यायची हे मी एकाच प्रश्नावर ठरवतो: मी घरी परतल्यावर, पुढचं अपडेट आल्यावर आणि लाइट चार वेळा जाऊन आल्यावरही हे चालेल का? नागपुरात बिघडलं तर सीताबर्डीला जाता येतं. इथे सेवा केंद्र चालवणाऱ्याचं नेट एक दिवस बंद पडलं, तर सातबाऱ्यासाठी मजुरी बुडवून आलेला माणूस रिकाम्या हाताने परत जातो. म्हणून सर्वांत वेगवान उपायापेक्षा सर्वांत कमी सांभाळ लागणारा उपाय मला जवळचा वाटतो.

आधी वायफायची चिप ओळखा, त्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नका. डब्यावरचं किंवा लॅपटॉपवरचं कंपनीचं नाव इथे कामाचं नाही. आतलं कार्ड असेल तर टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, ‘एलएसपीसीआय -एनएन’ आणि यूएसबीत लावायचं डोंगल असेल तर ‘एलएसयूएसबी’ ही कमांड इंग्रजी लहान अक्षरांत द्या. ओळीत मध्ये दोन टिंबं (:) असलेला दोन तुकड्यांचा एक आकडा येतो, तो कागदावर उतरवून घ्या. तसंच ‘आरएफकिल लिस्ट’ देऊन कार्ड नुसतं बंद करून ठेवलेलं नाही ना, हेही बघा. जुन्या लॅपटॉपच्या कडेला वायफायचं छोटं बटण असतं, ते कधी कुणाच्या हातून सरकलं हे घरात कुणालाच ठाऊक नसतं.

इंटेल किंवा जुनं अथेरॉस कार्ड निघालं तर बहुतेक वेळा प्रश्न तिथेच मिटतो, कारण त्यांचे ड्रायव्हर, म्हणजे लिनक्सकडून चिप चालवून घेणारे प्रोग्राम, कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच आहेत. इंटेलला वर फर्मवेअरही लागतं, म्हणजे चिपने सुरू होताना वाचायचा तिचा स्वतःचा छोटा प्रोग्राम. उबुंटू-मिंटमध्ये तो आधीच असतो. डेबियन या लिनक्सच्या आणखी एका रूपाच्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये तो जून २०२३मध्ये आलेल्या १२व्या आवृत्तीपासून मिळू लागला. तुमच्या पेनड्राइव्हवर त्याआधीचं डेबियन असेल तर कार्डाला दोष देऊ नका, पेनड्राइव्ह नव्याने बनवा.

खरी डोकेदुखी ब्रॉडकॉमची. लॅपटॉपमध्ये हमखास सापडणारी बीसीएम४३१४२, आकडा १४ई४:४३६५, कर्नलमधल्या खुल्या ड्रायव्हरवर चालत नाही. तिला कंपनीचा बंद ड्रायव्हर लागतो. तो टाकायला नेट पाहिजे आणि नेट यायला तो ड्रायव्हर पाहिजे, अशी गाठ बसते. ती सोडवायला फोन पुरतो. अँड्रॉइड फोन डेटा केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा, लिनक्सला ते वायरचं नेट वाटतं. नुसती चार्जिंगची केबल असेल तर मात्र काहीच होत नाही, तिथे लोक तासभर अडकतात. मग उबुंटूत ‘अ‍ॅडिशनल ड्रायव्हर्स’ किंवा मिंटमध्ये ‘ड्रायव्हर मॅनेजर’ उघडून ब्रॉडकॉमवर टिचकी मारा. गावात रेंजच नसेल तर मिंट उजवं ठरतं. इन्स्टॉलचा पेनड्राइव्ह लावून ठेवला तर त्याचा ड्रायव्हर मॅनेजर त्यातूनच हा ड्रायव्हर उचलतो. या एका सोयीसाठी मी नवख्या माणसाला उबुंटूऐवजी मिंट देतो.

सिक्युअर बूट, म्हणजे ओळख न पटलेलं काही चालू न देणारं मशीनचं कुलूप, चालू असेल तर ड्रायव्हर टाकताना एक पासवर्ड मागितला जातो आणि रीस्टार्टला निळा पडदा येतो. तिथे ‘एनरोल मॉक’ निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. घाईत ‘कंटिन्यू बूट’ दाबलं की ड्रायव्हर बसलेला असूनही चालत नाही आणि माणूस तो पुन्हा पुन्हा टाकत बसतो.

पैसा लागत नाही, ही या वाटेची जमेची बाजू. पण ब्रॉडकॉमने या ड्रायव्हरची शेवटची आवृत्ती २०१५मध्ये काढली. त्यानंतर उबुंटू-डेबियनवालेच त्याला ठिगळं लावून चालवत आहेत. प्रत्येक नव्या कर्नलबरोबर तो मशीनवर नव्याने बांधला जातो. ठिगळ वेळेवर आलं नाही की अपडेटनंतर वायफाय गायब. तेव्हा सुरू होताना ग्रब या सुरुवातीच्या मेनूच्या यादीतून मागचा कर्नल निवडला की काम चालतं. स्वतः हे करू शकणारा कुणी घरात असेल, बीएस्सीचा मुलगा, शाळेतले सर, तर खुशाल ड्रायव्हरची वाट घ्या. नसेल तर डोंगल.

पण डोंगल कोणतं? दोन-तीन वर्षांपूर्वी एकासाठी मी एक स्वस्तातलं आणलं. डब्यावर चिपचं नाव नव्हतं. लावलं तर दिवा नाही, वायफाय नाही, मात्र फाइल मॅनेजरमध्ये एका सीडीचं चित्र उगवलं. आकडा आला ०बीडीए:१ए२बी. आत रिअलटेकची चिप होती आणि विंडोजचा ड्रायव्हर देण्यासाठी ती आधी सीडी असल्याचं भासवत होती. त्या चित्रावर उजवी टिचकी, ‘इजेक्ट’, आणि दिवा लुकलुकला. तेवढ्यात लाइट गेली. आली तेव्हा पुन्हा सीडी. डोंगलला सीडीवरून वायफायवर आपोआप नेणारा नियम मी लिहून दिला तोवर त्या घरच्या बाईंना रोज सकाळी ती सीडी बाहेर काढावी लागली. अशा चिपांसाठी कर्नलमध्येच ड्रायव्हर येण्याची सुरुवात ६.२पासून झाली. उबुंटू २४.०४ मुळातच ६.८ घेऊन आलं, म्हणून आज परिस्थिती बरी आहे, पण सीडीचा खेळ काही डोंगलांत अजून आहे.

म्हणून दुकानदाराला चिप विचारा. मीडियाटेक एमटी७६०१यू असेल तर ड्रायव्हर २०१५च्या कर्नल ४.२पासून आत आहे, लावलं की चालतं. अथेरॉस एआर९२७१ही तितकीच भरवशाची. पण नुसत्या मॉडेलच्या नावावर जाऊ नका. टीपी-लिंकच्या डब्ल्यूएन७२२एनच्या पहिल्या आवृत्तीत हीच अथेरॉस होती, दुसरीपासून रिअलटेक आली. वर नाव तेच.

या दोन्ही चिपा वायफायच्या फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर चालतात. शहरात मी त्या घेऊ नका म्हणेन, कारण तिथे शेजारच्या पंधरा राउटरांची गर्दी असते. गावात ती गर्दी नाही, आणि मातीच्या जाड भिंतीतून ५ गिगाहर्ट्झपेक्षा २.४च बरं पोचतं. डोंगल मात्र डेस्कटॉपच्या मागे पत्र्याच्या डब्याला चिकटवून लावू नका. निळ्या यूएसबी ३ पोर्टचा या लहरींना त्रास होतो, म्हणून काळ्या पोर्टात छोटी एक्स्टेन्शन केबल लावून ते टेबलावर आणा.

आतलं कार्ड बदलणं हा सर्वांत टिकाऊ उपाय आणि सर्वांत फसवाही. एचपी आणि लेनोव्होच्या कित्येक जुन्या लॅपटॉपांचा बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्राम, ओळखीचं नसलेलं कार्ड लावलं तर मशीन सुरूच होऊ देत नाही. इंटेलचं एएक्स२०१ ठरावीक इंटेल बोर्डांवरच चालतं, एएक्स२०० आणि एएक्स२१० साध्या पीसीआय एक्सप्रेस जोडणीवर. नवा डेस्कटॉप जोडत असाल तर या शेवटच्या दोहोंपैकी एक पीसीआय एक्सप्रेस कार्डावर बसवलेलं घ्या आणि मोकळे व्हा. जुन्या लॅपटॉपसाठी हा खटाटोप मी करत नाही.

राहिली वायर. घरात राउटर असेल आणि डेस्कटॉप एकाच जागी राहणार असेल, तर कॅट ५ई केबल शंभर मीटरपर्यंत चालते आणि जवळपास प्रत्येक बोर्डावरचं लॅन पोर्ट लिनक्सला पहिल्या दिवसापासून ओळखीचं असतं. सेवा केंद्राला मी दुसरं काही सुचवतच नाही. नेट फक्त फोनवरच असेल तर टेदरिंगची केबलच कायमची ठेवा, फोन चार्जही होत राहतो. हे जमत नाही ते फक्त त्या घरांत, जिथे रेंज एकाच खिडकीत येते आणि फोन दिवसभर त्या कठड्यावरच ठेवावा लागतो. तिथे फोनचा हॉटस्पॉट लावा आणि मशीनला एमटी७६०१यूचं डोंगल घ्या. निघण्यापूर्वी सगळी अपडेट्स टाकून मशीन दोनदा बंद-चालू करून बघा, दुसऱ्यांदा घरच्या माणसाच्या हातून.