मोठ्या आयटी कंपनीतली पहिली नोकरी: विदर्भातल्या खेड्यातून जाणाऱ्यांसाठी परीक्षण

पुलगाव, दारव्हा, मूर्तिजापूर, हिंगणघाट या भागांतली बी.ई., बीसीए, बी.एस्सी. झालेली पोरं टीसीएस, इन्फोसिस, एचसीएलची ऑफर लेटरं घेऊन निघतात. या तिन्ही कंपन्यांची कार्यालयं नागपूरला मिहानमध्ये आहेत, त्यामुळे पोरगं जवळच राहील असं घरच्यांना वाटतं. पण पत्रात ‘भारतात कुठेही’ असं लिहिलेलं असतं आणि जागा प्रोजेक्ट ठरवतो. मिहान मागता येतं, मात्र पहिलं पोस्टिंग चेन्नई, हैदराबाद किंवा पुणे असू शकतं हे धरूनच घरात बोलणी करा.

आता पगार, कारण सगळ्यात मोठी गफलत इथंच होते. टीसीएसचं निंजा गटाचं, म्हणजे नवख्यांच्या भरतीतल्या सर्वांत खालच्या पायरीचं, वर्षाला ३.३६ लाखांचं पॅकेज घ्या. महिन्याला २८ हजार, आणि गावात आकडा हाच फिरतो. मूळ वेतन १५ हजार धरलं तर कंपनीच्या वाट्याचा पीएफ १,८०० आणि ग्रॅच्युइटीचे (नोकरी सोडताना मिळणाऱ्या रकमेचे) सुमारे ७२० रुपये याच २८ हजारांतून जातात. विम्याचे पाचशे आणि बदलत्या पगाराचे (कामगिरीवर कमी-जास्त होणाऱ्या भागाचे) दोन हजार धरले की उरतात साधारण २३ हजार. त्यातून तुमचा पीएफ १,८०० आणि व्यवसाय कर २०० कापला की हाती येतात एकवीस हजारांच्या आसपास. (फेब्रुवारीत व्यवसाय कर ३०० असतो, महिन्याला २५ हजारांपर्यंत पगार असलेल्या मुलींना महाराष्ट्रात तो माफ आहे.) विमा आणि बदलत्या पगाराचे आकडे कंपनीगणिक वेगळे, पण हिशेबाची पद्धत हीच. शैक्षणिक कर्जाचा हप्ता ठरवताना २८ नव्हे, २१ हजार समोर ठेवा. शिवाय ग्रॅच्युइटी पॅकेजात दिसत असली तरी कायम नोकरीत पाच वर्षं भरल्याशिवाय साधारणपणे हाती येत नाही.

रुजू होण्याआधी कागदपत्रांची पडताळणी होते, आणि खेड्यातली पोरं अडकतात ती इथं. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असतं, आधारवर शेवटी, पॅनवर वडिलांचं नाव गाळलेलं. पीएफचा यूएएन, म्हणजे कायमचा खाते क्रमांक, आधारवरच्या नावाने निघतो आणि पुढे नाव जुळलं नाही की पैसे काढताना दावा फेटाळला जातो. आधार आणि पॅन आधी एकसारखे करून घ्या. गुणपत्रिकेतल्या फरकासाठी प्रतिज्ञापत्र तयार ठेवा. पत्त्याची तपासणी करणारा माणूस घर क्रमांक विचारतो, म्हणून ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा आणि चालू वर्षाची घरपट्टीची पावती फोनमध्ये असू द्या. शिक्षणात एखादं वर्ष खंड असेल तर तो लपवू नका. खंड चालतो, खोटी माहिती सापडली तर नोकरी जाते.

प्रशिक्षण ही या नोकरीतली सर्वांत चांगली गोष्ट. जावा किंवा पायथन, एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा), चाचण्या, रोजचा सराव. कॉलेजात चार वर्षांत पक्कं झालं नाही ते इथं काही महिन्यांत होतं. पण परीक्षा खऱ्या असतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये इन्फोसिसने म्हैसूरच्या केंद्रातून तीनशेहून जास्त प्रशिक्षणार्थींना काढलं. तीन संधी देऊनही ते उत्तीर्ण झाले नाहीत, असं कंपनीचं म्हणणं होतं. ज्यांचं शिक्षण मराठी माध्यमातून झालं, त्यांनी निदान एसक्यूएलचे जॉइन आणि प्रोग्रामिंगमधल्या लूप-फंक्शनची तयारी रुजू होण्याआधीच करावी. मग वर्गात फक्त इंग्रजीशी झुंज उरते.

नंतर येतो बेंच, म्हणजे पगार चालू पण प्रोजेक्ट नाही. पूर्वी हा आरामाचा काळ समजला जायचा, आता तसं राहिलं नाही. टीसीएसने जून २०२५ मध्ये वर्षाला किमान २२५ दिवस ग्राहकाच्या कामावर असण्याचा आणि बेंच ३५ दिवसांपुरता ठेवण्याचा नियम केला. पेरणीला किंवा कापूस वेचणीला लांब रजा घ्यायची असेल तर ती प्रोजेक्टवर असताना आधी मंजूर करून घ्या. बेंचवर असताना गावी निघून गेलात आणि प्रोजेक्टच्या मुलाखतीचा फोन चुकला, तर यादीत नाव खाली जातं.

गावातून काम करायचं स्वप्न पाहणाऱ्यांसाठी: टीसीएसमध्ये पाचही दिवस कार्यालय आहे, इन्फोसिसमध्ये मार्च २०२५ पासून कनिष्ठ आणि मधल्या पदांना महिन्याला किमान १० दिवस. उरलेले दिवस घरून निभावायचे तर आधी विजेचा बंदोबस्त करा. लॅपटॉप ६५ वॅट, फायबरचा डबा आणि राउटर १५, पंखा ७०, म्हणजे १५० वॅटचा भार. १२ व्होल्ट, १५० एएचची चांगली बॅटरी एवढा भार सुमारे सात तास ओढते. मे महिन्यात त्यावर कूलर लावला की वेळ निम्म्याहून कमी होतो, आणि उन्हाने बॅटरीचं पाणीही लवकर आटतं. दर महिन्याला पातळी पाहून डिस्टिल्ड वॉटर भरा. फायबरच्या डब्यावर लाल दिवा लुकलुकला तर दोष बहुतेक वेळा केबलमध्ये असतो, सारखं बंद-चालू करून उपयोग नाही. दुसऱ्या कंपनीचं सिम हॉटस्पॉटसाठी ठेवा. विजा कडाडायला लागल्या की अ‍ॅडॉप्टर भिंतीतून काढा. फायबरमधून वीज येत नाही, ती विजेच्या तारेतून येते.

आरोग्य विमा मात्र खरंच मोलाचा. आईवडिलांचं नाव बहुतेक ठिकाणी वेगळा हप्ता भरून घालावं लागतं आणि त्याची मुदत ठरलेली असते, चुकली की वर्षभर थांबा. जवळची कोणती रुग्णालयं कॅशलेस यादीत आहेत, ते पिनकोड टाकून तेव्हाच पाहून घ्या.

आमचा कौल: शिकण्याला ५ पैकी ४, विम्याला ४, सुरुवातीच्या पगाराला २, घराजवळ राहण्याच्या शक्यतेला २. दोन वर्षं करावी अशी नोकरी आहे. सोडताना नोटीस बहुतेक मोठ्या कंपन्यांत ९० दिवसांची असते, तेव्हा पुढच्या ठिकाणी तीन महिन्यांनंतरचीच तारीख द्या. राजीनामा टाकण्याआधी सगळ्या पगारपत्रकांच्या आणि फॉर्म १६ च्या प्रती स्वतःच्या ईमेलवर काढून ठेवा, शेवटच्या दिवशी संध्याकाळी पोर्टल बंद होतं.