हॅलोजन की एलईडी: जुन्या गाडीचे दिवे बदलण्यापूर्वी

गाडीच्या बाहेरच्या दिव्यांमध्ये एलईडी बल्ब बसवावेत का, या प्रश्नाला सगळ्या दिव्यांसाठी मिळून एकच उत्तर शोधू नये, असे मी सुरुवातीलाच सुचवीन. माझ्या जुन्या हॅचबॅकमध्ये मी हेडलाइटपासून पार्किंगच्या दिव्यापर्यंत सर्व ठिकाणी एलईडी लावून पाहिले, आणि त्यांतले काही काढून पुन्हा जुने बल्ब बसवले.

हेडलाइटपुरते बोलायचे, तर पहिल्या रात्री एलईडी सरस वाटते, हे मान्य करायला हवे. प्रकाश पांढराशुभ्र असतो, पाट्या लांबून चमकतात आणि बंपरपुढचा रस्ता उजळून निघतो. माझे मत बदलले ते पुण्याहून ताम्हिणी घाटातून माणगावकडे उतरताना. मी पूर्ण वेळ डिपरवर, म्हणजे खाली झुकलेल्या झोतावर, असूनही समोरून येणारे चालक वारंवार अप्पर मारून मला प्रकाश खाली घेण्यास खुणावत होते. एका वळणावर तर एक दुचाकीस्वार, मागे बायको आणि मध्ये लहान मूल, कडेला थांबला आणि माझी गाडी निघून जाईपर्यंत त्याने हात डोळ्यांवर आडवा धरून ठेवला. दरीच्या बाजूला त्याने ज्या घाईने गाडी थांबवली, ती मला अजून आठवते.

घरी आल्यावर मी इमारतीच्या भिंतीसमोर गाडी उभी करून दोन्ही बल्ब, म्हणजे एलईडी आणि मूळचा तारेचा हॅलोजन, आळीपाळीने लावून पाहिले. हॅलोजनच्या डिपरचा प्रकाश भिंतीवर एका स्पष्ट रेषेपाशी थांबत होता आणि ती रेषा फक्त डावीकडे, म्हणजे आपल्या कडेच्या बाजूला, थोडी वर चढत होती. एलईडीची रेषा विस्कटलेली होती आणि तिच्या वर, समोरच्याच्या डोळ्यांच्या उंचीवर, प्रकाशाचा एक पुसट पट्टा पसरत होता. बल्ब होल्डरमध्ये फिरवून प्रकाश देणाऱ्या चिप बरोबर डाव्या-उजव्या बाजूंना आणल्यावर फरक पडला, पण तो पुरेसा नव्हता. स्क्रूने हेडलाइट खाली घेतला, तेव्हा चमक कमी झाली, मात्र लांबचा रस्ताही अंधारात गेला. एच-४ हॅलोजनमध्ये (अप्पर आणि डिपरच्या दोन तारा एकाच बल्बमध्ये असलेला प्रकार) डिपरच्या तारेखाली धातूची छोटी वाटी असते, त्यामुळे प्रकाश रिफ्लेक्टरच्या, म्हणजे बल्बमागच्या चकचकीत वाटीच्या, वरच्या भागावरच पडतो, आणि रिफ्लेक्टरची घडण त्या बारीक तारेची जागा धरूनच केलेली असते. एलईडीच्या चिप पट्टीच्या दोन बाजूंना असतात. त्या जागेशी त्यांचा मेळ थोडा जरी चुकला, तरी प्रकाश भलतीकडे जातो. प्रोजेक्टर (भिंगातून झोत टाकणारा हेडलाइट) असलेल्या गाडीत किंवा अधिक काटेकोर बनावटीच्या बल्बमध्ये अनुभव कदाचित बरा येईल; माझा अनुभव साध्या रिफ्लेक्टरचा आहे. शिवाय मुसळधार पावसात ओल्या डांबरावर मला हॅलोजनचा पिवळसर प्रकाशच डोळ्यांना सोयीचा वाटला. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ मध्ये गाडीतील फेरबदलांवर मर्यादा आहेत, हेही ध्यानात असू द्यावे.

हॅलोजन मंद वाटत असेल, तर आधी वायरिंग पाहावे. बल्बपाशी व्होल्टेज दहा टक्क्यांनी उतरले, तर प्रकाश सुमारे तीस टक्क्यांनी घटतो, आणि जुन्या गाडीत स्विचमधून फिरून येणाऱ्या वायरमुळे असा उतार सहज पडतो. बॅटरीतून थेट पुरवठा घेणारे रिलेचे (मूळ स्विचच्या इशाऱ्यावर चालणाऱ्या वेगळ्या स्विचचे) वायरिंग बसवल्यावर, आणि पिवळट पडलेली काच पॉलिश करून घेतल्यावर, त्याच ६०/५५ वॉटच्या बल्बने माझी गरज भागली.

मागच्या दिव्यांत मात्र माझा कौल एलईडीला आहे. तारेचा बल्ब तापून पूर्ण उजळायला सुमारे ०.२ सेकंद घेतो, एलईडी लगेच पेटते. ताशी ८० किलोमीटर वेगाने मागून येणाऱ्या गाडीसाठी हा फरक चार मीटरहून अधिक अंतराचा आहे. लाल काचेमागे लाल एलईडीच घ्यावी, कारण पांढरी लावल्यास ब्रेकलाइट फिकट गुलाबी दिसतो. टेललाइट आणि ब्रेकलाइट एकाच बल्बमध्ये असल्यास दोन्हींच्या उजेडात ठळक फरक आहे ना, हे कोणाला तरी ब्रेक दाबायला सांगून मागे उभे राहून पाहावे. स्वस्त बल्बमध्ये तो फरक फारच थोडा असतो. पार्किंगच्या छोट्या दिव्यांत एलईडी निःशंकपणे बसवावी.

इंडिकेटरमध्ये मी जुने २१ वॉटचे बल्बच ठेवले आहेत. एलईडी फार कमी करंट ओढते, त्यामुळे फ्लॅशरला, म्हणजे इंडिकेटर लुकलुकवणाऱ्या भागाला, बल्ब उडाल्यासारखे वाटते आणि इंडिकेटर दुप्पट वेगाने लुकलुकू लागतो. त्यावर उपाय म्हणून मिळणारे ६ ओहमचे रेझिस्टर चांगलेच तापतात. ते लावायचेच असतील, तर प्लॅस्टिकपासून दूर, पत्र्यावर घट्ट बसवावेत. फ्लॅशर रिले वेगळा काढता येत असेल, तर एलईडीसाठीचा रिले बसवणे अधिक बरे, पण अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत ते काम मुख्य कंट्रोल युनिटच करते आणि तिथे ही सोय राहत नाही.