ट्रेलो: कार्ड जिथं कार्डासारखं वागतं, तिथं उत्तम

कामं वाटून घेण्याची सॉफ्टवेअरं आज ढीगभर आहेत, पण पडद्यावरच्या कार्डाकडून नेमकं काय काम करून घेता येतं हे पाहायचं असेल तर अजूनही ट्रेलोच उघडावं. फॉग क्रीक सॉफ्टवेअरनं ते २०११ मध्ये आणलं, २०१७ मध्ये अटलासियननं साडेबेचाळीस कोटी डॉलर मोजून घेतलं. तेव्हापासून त्यात बरंच काही जोडलं गेलं, तरी गाभा तोच आहे: एक बोर्ड, त्यावर उभ्या लिस्ट, लिस्टमध्ये कार्डं.

कागदी कार्डाचे तीन गुण असतात. जागा कमी असते, ते एका वेळी एकाच ठिकाणी असतं आणि कार्डांची संख्या मोजकी असते. ट्रेलोनं पहिले दोन नीट सांभाळले, तिसरा सोडून दिला. या सॉफ्टवेअरबद्दलच्या बहुतेक तक्रारी तिथूनच सुरू होतात.

आधी जागेचं. ब्राउझरमध्ये लिस्टची रुंदी सुमारे २७२ पिक्सेल असते, म्हणजे देवनागरी शीर्षकाची ओळ चार-पाच शब्दांतच मोडते. ‘दिवाळी अंकाच्या जाहिरातींसंदर्भातील पाठपुरावा’ असं लिहिलं तर नजर अडखळते. ‘जाहिरातदारांना फोन’ एवढं पुरतं, बाकीचं कार्डाच्या आत जावं. आतलं किती बाहेर दाखवायचं यात ट्रेलोची समज दिसते. चेकलिस्टमधली सातपैकी तीन कामं झाली असतील तर बाहेर फक्त ३/७ दिसतं. मुदतीला चोवीस तास उरले की तारीख पिवळी होते, उलटली की लाल, काम झालं की हिरवी. कार्ड न उघडता परिस्थिती कळते, आणि कार्ड वापरण्याचं मुख्य कारणच ते आहे.

या कमी जागेचा सर्वात जास्त नाश कव्हरची चित्रं करतात. लिस्टमधल्या प्रत्येक कार्डाला मोठं चित्र लावलं की लॅपटॉपच्या उंचीत जेमतेम तीन-चार कार्डं मावतात. मुखपृष्ठाचे पर्याय किंवा कपड्यांचे नमुने अशा, चित्रावरूनच ओळखायच्या गोष्टींनाच कव्हर द्यावं. लेबलं नुसत्या रंगीत पट्ट्यांसारखी दिसत असतील तर पट्टीवर क्लिक करावं, नावं उघडतात. रंग ओळखायला अडचण असणाऱ्यांसाठी पट्ट्यांवर नक्षी आणण्याची सोय सेटिंगमध्ये आहे. संघात असं कुणी असेल तर ती पहिल्याच दिवशी दाखवून द्यावी.

एक कार्ड एकाच लिस्टमध्ये, हा नियम फार मोलाचा. ‘सुरू’मधून ‘तपासणी’त कार्ड सरकवलं की स्थिती बदलली, वेगळा रकाना भरायला नको, आणि कुणी कधी सरकवलं याची नोंद आपोआप राहते. गाडं अडतं ते एकच काम दोन बोर्डांवर हवं असतं तेव्हा. बहुतेक जण कार्डाची प्रत काढतात. मग एका प्रतीवर तारीख बदलते, दुसरीवर जुनीच राहते. दोन्हीकडे एकच कार्ड दाखवणारी मिरर सोय पैसे भरणाऱ्यांसाठी आहे. फुकट वापरणाऱ्यांनी मूळ कार्ड एकाच बोर्डावर ठेवावं आणि दुसऱ्या बोर्डावरच्या कार्डाला त्याची लिंक जोडावी.

आता संख्येचं. ही मांडणी टोयोटाच्या कारखान्यातल्या कानबानवरून, म्हणजे कार्डांवरून उत्पादन ठरवण्याच्या पद्धतीवरून आली. तिथं कार्डं ठरावीक असतात. कार्ड मोकळं नसेल तर नवा माल बनवायचा नाही. ट्रेलोत नवं कार्ड फुकट आणि क्षणात तयार होतं. एका बोर्डावर पाच हजार उघडी कार्डं चालतात, आणि त्याच्या कितीतरी आधी तो बोर्ड वाचण्याच्या पलीकडे गेलेला असतो. उपाय दोन. ‘लिस्ट लिमिट्स’ हे पॉवर-अप (बोर्डाला जोडायची जादा सोय) लावून ‘सुरू’ लिस्टला माणशी दोन किंवा तीन कार्डांची मर्यादा घालावी. मर्यादा ओलांडली की लिस्ट रंग बदलते. अडवत मात्र नाही, तेवढी शिस्त आपणच पाळायची. दुसरं, ‘झालेलं’ लिस्ट दर शुक्रवारी रिकामी करावी. लिस्टच्या मेनूतून सगळी कार्डं एकदम आर्काइव्ह होतात, म्हणजे न खोडता बोर्डावरून बाजूला जातात, किंवा ऑटोमेशनमध्ये तसा साप्ताहिक नियम लिहिता येतो.

इथं एक खाचखळगा आहे. कार्डं आर्काइव्ह करण्याऐवजी अख्खी लिस्टच आर्काइव्ह केली तर ती कार्डं आर्काइव्ह केलेल्या कार्डांच्या यादीत दिसत नाहीत. ‘कार्डं गेली’ म्हणून धावाधाव होते, ती बहुधा यामुळे. आर्काइव्हमधल्या लिस्टच्या यादीत जाऊन ती लिस्ट परत बोर्डावर आणली की सगळं जागेवर येतं. खोडलेलं कार्ड मात्र परत मिळत नाही.

ओढून सरकवणं माउसनं छान जमतं, फोनवर नाही. बोट दाबून धरून कार्ड कडेपर्यंत न्यायचं, शेजारची लिस्ट सरकून येईपर्यंत थांबायचं, आणि मध्येच बोट उचललं तर कार्ड भलत्याच लिस्टमध्ये पडतं. फोनवर कार्ड उघडून मेनूतला ‘मूव्ह’ वापरावा. संगणकावर कार्डावर माउस ठेवून स्वल्पविरामाची कळ दाबली की ते डावीकडच्या लिस्टच्या तळाशी जातं, पूर्णविरामाची दाबली की उजवीकडच्या. मनगट दुखणाऱ्यांना ही सोय वरदान आहे आणि ती फार कमी जणांना माहीत असते.

फुकट योजनेत एका वर्कस्पेसला, म्हणजे एका संघाच्या बोर्डांच्या गटाला, दहा बोर्ड, दहा माणसं आणि जोडलेल्या प्रत्येक फाइलला दहा एमबी मिळतात. छोटं प्रकाशन, गणेशोत्सव मंडळ किंवा चार-पाच जणांचा स्टुडिओ यांना तेवढं भरपूर होतं. पण चाळीस पुरवठादारांचे दर, प्रमाण आणि तारखा शेजारी ठेवून ताडायच्या असतील तर ट्रेलोच्या वाटेला जाऊ नये. कार्डांवरचे आकडे एका सरळ रांगेत येत नाहीत, त्यामुळे तुलना करताना प्रत्येक कार्ड उघडून बघावं लागतं. त्या कामाला स्प्रेडशीटच उघडावी.