घामोळ्या की मांड्या लागल्या? पावडर, व्हॅसलिन आणि ट्यूब यांतून निवडताना

मे महिन्यात मेडिकलच्या काउंटरपाशी पाच मिनिटं उभं राहा. "घामोळ्यांची पावडर द्या," हे वाक्य तीन-चारदा तरी कानावर पडतं. पाठीला सुया टोचतायत तोही तीच नेतो, जांघेत सोलवटून निघालेली बाईही तीच नेते, आणि महिनाभर कमरेखाली खाजवणारा कॉलेजचा मुलगाही तीच. दुकानदार डबा देतो, कारण मागणाऱ्यानं डबाच मागितलेला असतो.

घोळ असा आहे की ही तिन्ही दुखणी घामातून येतात, पण एकाचं औषध दुसऱ्याला बाधतं. घामोळ्यांत घामाची वाट बुजलेली असते, तर मांड्या लागतात तेव्हा कातडीवर कातडी घासलेली असते. पहिलीत चिकट, तेलकट काही लावलं तर वाट आणखी बुजते. दुसरीत तेलकट लावलं नाही तर घासणं थांबत नाही. म्हणून काय विकत घ्यायचं याआधी आपल्याला झालंय काय, ते आरशात नीट पाहून ठरवा.

घामोळ्या कुठे येतात? मानेवर, पाठीवर, छातीवर, कोपराच्या लवणीत, कपडा अंगाला चिकटून बसतो तिथे. मोहरीपेक्षाही बारीक पुरळ, हात फिरवला तर खरखरीत. वेळ ठरलेली: स्वयंपाकघरात गॅससमोर उभं राहिलं, लोकलमध्ये चढलं, घाम सुटायला लागला की टोचायला सुरुवात. घामाच्या नळीचं तोंड बंद झालेलं असल्यानं घाम बाहेर न येता कातडीच्या आतच झिरपतो, त्याची ही टोचणी. अडथळा अगदी वरच्या थरात असेल तर दवबिंदूंसारखे पाण्याचे फोड दिसतात, ते खाजतही नाहीत आणि एक-दोन दिवसांत आपोआप जातात. थोडा खाली असेल तर लाल, खाजरं पुरळ, म्हणजे आपण ज्याला घामोळ्या म्हणतो ते.

मांड्या लागतात तेव्हा पुरळ नसतं. लाल, चकचकीत पट्टा असतो आणि त्याची आग होते. मांड्यांची आतली बाजू, काख, स्तनांखालची घडी, ब्राचा पट्टा, परकराची नाडी या त्याच्या जागा. ओळखायची सोपी खूण म्हणजे संध्याकाळी आंघोळीचं पाणी त्यावर पडलं की तोंडातून "स्स" निघतंच. घामोळ्यांवर तेच पाणी पडलं तर बरं वाटतं.

तिसरं गजकर्ण, म्हणजे कातडीवरची बुरशी. त्याची कड उठावदार, मधला भाग जरासा निवळलेला, आणि गोल दिवसेंदिवस बाहेर सरकत जाणारा. त्याकडे शेवटी येते, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथे होतं.

घामोळ्यांवर: पावडर, कॅलामाइन की नुसतं पाणी

माझा कौल नुसत्या पाण्याला. दिवसातून दोन-तीनदा गार पाण्याची आंघोळ, साबण एकदाच आणि तोही कमी, घासणी बिलकुल नाही. मग टॉवेलनं टिपायचं, पुसायचं नाही, आणि पंख्याखाली पाच मिनिटं उघड्या पाठीनं बसायचं. हे फुकट आहे म्हणून कुणाला औषध वाटत नाही. पण घामोळ्यांचा खरा इलाज एकच, काही तास घाम येऊ न देणं. बाकी सगळं त्या काळात खाज सोसता यावी म्हणून.

कॅलामाइन दुसऱ्या नंबरावर. ती गुलाबी बाटली, हलवून घ्यायची. त्यात झिंक ऑक्साइड असतं, थोडं लोहाचं ऑक्साइड असतं म्हणून तो रंग. पाणी उडून जाताना गार वाटतं, मागे कोरडा पातळ थर राहतो, खाज कमी होते. रात्री झोपताना लावायला ही पावडरीपेक्षा सरस. चादरीवर गुलाबी डाग पडतात, तेवढं सोसावं. सोलवटलेल्या जागी मात्र लावू नका, तिथे ती कातडी आणखी कोरडी करते आणि झोंबते.

पावडरीला मी वाईट म्हणणार नाही, पण तिच्याकडून अपेक्षा बेतानं ठेवा. पूर्ण कोरड्या अंगावर अगदी पातळ भुरभुरवली तर ती थोडा ओलावा शोषते. तो 'थंडा थंडा' अनुभव मेंथॉलचा. मेंथॉल कातडीतल्या गारवा ओळखणाऱ्या मज्जातंतूंना फसवतं, कातडीचं तापमान होतं तेवढंच राहतं. आणि आपली रीत काय? बाथरूममधून बाहेर यायचं आणि ओल्या मानेवर मूठभर थापायची. त्या पांढऱ्या लगद्यानं आधीच बुजलेली तोंडं आणखी लिंपली जातात.

मुलतानी माती आणि चंदनाचा लेप ओला असेपर्यंत गार, वाळायला लागला की कातडी ओढतो, आणि खरवडून काढताना पुरळ फुटतं. लावायचाच असेल तर दहा मिनिटांत, ओला असतानाच धुवा. कडुलिंबाचा पाला घातलेल्या पाण्यानं आंघोळ करायला हरकत नाही, पण निम्मं काम त्यातलं पाणीच करतं. लिंबू चोळायचा सल्ला कुणी दिला तर हसून सोडून द्या.

मांड्या लागल्यावर: व्हॅसलिन, खोबरेल की आतली शॉर्ट

हे मी वाचून नाही, चालून शिकले. एका वर्षी ज्ञानोबांच्या पालखीबरोबर पुणे ते सासवड एवढा एकच टप्पा चालायचं ठरवलं. ३० किलोमीटरच्या वर अंतर, मध्ये दिवे घाट. सुती सलवार-कुडता, पायात बूट, आणि मांड्यांना सकाळी भरपूर पावडर. हडपसर मागे पडेपर्यंत घाम आणि मधली पावसाची एक सर मिळून सलवार भिजली होती. वडकीच्या आसपास मी पाय फाकवून चालायला लागले. पावडरीच्या वळ्या झाल्या होत्या, आणि प्रत्येक पावलाला त्या बारीक वाळूसारख्या घासत होत्या. शेजारून चालणाऱ्या नऊवारीतल्या आजींनी दोन मिनिटं पाहिलं आणि म्हणाल्या, "माउली, मांड्या लागल्या व्हय? ती पावडर पुस आदी." त्यांच्या पिशवीत खोबरेलाची चपटी बाटली होती. एका घराच्या न्हाणीत जाऊन सगळं धुतलं, टिपलं, तेल लावलं. घाट चढले. सासवडला पोचेपर्यंत ते तेल आणखी दोनदा मागून घ्यावं लागलं, ही त्यातली शिकण्याची गोष्ट.

कारण खोबरेल २४ अंशांच्या आसपासच पातळ होतं. अंगाच्या उष्णतेनं ते वाहून जातं, कपड्यात शिरतं. व्हॅसलिन, म्हणजे कोणत्याही कंपनीची साधी पेट्रोलियम जेली, दाट असते आणि घामानं धुतली जात नाही, म्हणून जास्त वेळ टिकते. तासाभराच्या चालण्याला खोबरेल पुरे. दिवसभराचं चालणं असेल तर व्हॅसलिन, आणि तेही दर दोन-तीन तासांनी. दोन्ही लावायचं ते निघण्यापूर्वी. सोलवटल्यावर लावलं तर पुढचं घासणं थांबतं, झालेली जखम भरायला मात्र दोन-तीन दिवस जातातच. त्या दिवसांत रात्री झिंक ऑक्साइडचं साधं मलम चांगलं, तान्ह्या बाळांच्या ढुंगणाला लावतात तेच. हल्ली डिओड्रंटसारख्या कांड्या मिळतात मांड्यांना फिरवायच्या. काम व्हॅसलिनचंच, हात चिकट होत नाहीत आणि किंमत बरीच जास्त. ऑफिसच्या बॅगेत ठेवायला ठीक.

पण वरचेवर त्रास होत असेल तर मलमं बाजूला ठेवा आणि सायकलवाले घालतात तशी मांडीपर्यंतची ताणणारी शॉर्ट घ्या. सलवारीखाली, परकराखाली, कुणाला कळत नाही. कातडी कातडीला लागतच नाही. घेताना शिवण बोटानं चाचपा. आतल्या बाजूला जाड शिवण असेल तर तीच काचेल.

कमरेचं दुखणं वेगळं आणि दुर्लक्षित. परकराची नाडी घट्ट आवळायची, त्यावर घाम, तिथे काळपट वण, अधूनमधून भेगा. आपल्या आया-आज्यांच्या कमरेवर हा वण असतोच, त्यामुळे कुणाला विशेष वाटत नाही. वर्षानुवर्षं काचलेल्या, न भरणाऱ्या अशा जखमेतून क्वचित कर्करोग झाल्याची उदाहरणं डॉक्टरांनी नोंदवली आहेत, त्यात वर्ध्याच्याही डॉक्टर आहेत. घाबरायचं कारण नाही. नाडीच्या जागी रुंद पट्टा किंवा इलॅस्टिक घाला, आणि कमरेवरची जखम महिनाभरात भरली नाही तर दाखवा.

सुती की सिंथेटिक

"उन्हाळ्यात सुतीच घालावं" हे आपण पाठ केलंय, आणि घामोळ्यांसाठी ते खरंही आहे. सैल मलमलचा कुडता, जुनी पातळ साडी, याला तोड नाही. पण सुती कापड घाम पिऊन ठेवतं, जड होतं, अंगाला चिकटतं. ओली सुती सलवार किंवा त्याहून वाईट म्हणजे ओली जीन्स घालून पाच किलोमीटर चाला, मग कळेल. धावणारे लोक पॉलिएस्टरचे पटकन वाळणारे टी-शर्ट उगीच नाही घालत. (तरीही लांब धावताना पुरुषांची स्तनाग्रं घासून रक्त येतं. जाणकार धावक सकाळीच टेप चिकटवून येतात.) थोडक्यात, घरी, ऑफिसात, झोपताना सुती. लांब चालताना अंगाला लागून पटकन वाळणारं कापड, घरी आल्या आल्या काढायचं. तीच शॉर्ट मुंबईच्या दमटपणात दिवसभर घालून बसलात तर मांड्या वाचतील आणि कमरेला घामोळ्या येतील.

कूलर, एसी आणि गाव

नागपूरला पारा ४५ वर जातो, मुंबईला ३४-३५ च्या पुढे फारसा नाही. तरी घामोळ्यांचा उच्छाद मुंबईत, रत्नागिरीत, पणजीत जास्त. विदर्भाच्या कोरड्या हवेत घाम सुटल्या सुटल्या उडून जातो, किनाऱ्यावर तो अंगावरच साचतो. म्हणून वाळ्याच्या ताट्यांचा कूलर नागपूर-चंद्रपूरला वरदान, आणि तोच डोंबिवलीच्या बंद खोलीत आणून ठेवला तर हवेत आणखी ओल. नागपूरच्या माहेराहून कूलर घेऊन आलेल्या एका मैत्रिणीला हे सांगायला मी उशीर केला. किनाऱ्यावर पैसे घालायचेच तर एसीत घाला. दिवसभर लावायची गरज नाही, रात्रीचे चार-पाच तास कातडी कोरडी राहिली तरी घामोळ्या ओसरायला लागतात. एसी नसेल तर पंखा, उघडी समोरासमोरची खिडकी, आणि झोपायच्या आधी गार आंघोळ.

बाळासाठी

तान्ह्या बाळाच्या घामोळ्या बहुतेक वेळा आपणच आणलेल्या असतात. मे महिन्यातलं बाळ, त्याला कुंची, टोपडं, वर दुपट्यात घट्ट गुंडाळलेलं, तेल चोळून मालिश, मग शेगडीचा शेक आणि धुरी. त्यावर मानेच्या वळ्यांत पावडर. आजेसासूबाईंशी वाद घालायचा नसेल तर निदान तेल नीट धुवून काढा, शेक उन्हाळ्यापुरता बंद ठेवा, आणि पावडर नकोच. तिची धूळ बाळाच्या श्वासात जाते, हे कारण पुरेसं आहे. शिवाय टाल्कला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २०२४ मध्ये 'बहुधा कर्करोगकारक' गटात टाकलंय. बोरिक ॲसिडची पावडर आणि कापूर घातलेलं तेल तर तान्ह्यांना कधीच नाही. बाळाच्या वळ्या ओल्या मऊ फडक्यानं पुसायच्या, कोरड्या करायच्या, आणि झबलं एकच घालायचं.

ट्यूबबद्दल

आता तो महिनाभर खाजवणारा मुलगा. त्याला काउंटरवरून एक 'सगळ्यावर चालणारी' ट्यूब मिळते. तिच्यात बुरशीचं औषध, जंतूंचं औषध आणि क्लोबेटासोलसारखं जबरी स्टिरॉइड एकत्र असतं. दोन दिवसांत खाज गायब, म्हणून तो ती मित्रालाही देतो. स्टिरॉइडनं खाज दाबली जाते, बुरशी मात्र आत आरामात पसरते. ट्यूब थांबवली की दुप्पट जोरानं वर येते, आणि जांघेतली नाजूक कातडी पातळ होऊन तिथे कायमचे पांढुरके चरे पडतात. अशी स्टिरॉइडं चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम २०१८ मध्ये झाला. तरी खोक्यावर 'क्लोबेटासोल' किंवा 'बीटामेथासोन' वाचलंत तर खाली ठेवा. गोल कड स्पष्ट असेल तर नुसत्या क्लोट्रिमॅझोलचं मलम बरं, डाग गेल्यावरही दोन आठवडे लावायचं. पसरत असेल, परत परत येत असेल, घरात दोघांना असेल, तर सरळ त्वचारोगतज्ज्ञाकडे. मधुमेह असेल तर घड्यांमधल्या कोणत्याही लालीला थांबूच नका. पू, ताप, किंवा भराभर पसरणारी गरम लाली दिसली तर ते घामोळ्यांचं प्रकरण राहिलेलं नाही.

पहिल्या पावसात भिजलं की घामोळ्या जातात, असं लहानपणी आम्हाला अंगणात ढकलून सांगायचे. जातात खऱ्या, कारण त्या संध्याकाळी हवा एकदम गार होते. पण त्यानंतर चार महिने लेगिंग वाळत नाहीत, अर्धवट ओले कपडे घालून लोकल पकडावी लागते. माझ्या कपाटात सात जूनच्या सुमाराला कॅलामाइनची बाटली मागे सरकते आणि व्हॅसलिनची डबी पुढे येते.