सेकंडहँड आउटबॅक: २००९ची घ्यावी की २०१३ची?

अमेरिकेत, बर्फाच्या प्रदेशात, जुनी सुबारू आउटबॅक शोधताय? २.५ लिटरच्या या दोन गाड्यांत खरा फरक इंजिनाचा.

२००९चं मोठं दुखणं हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि हेड यांच्या सांध्यातलं सील. गाडी बघायला गेलात की खाली वाकून ब्लॉक आणि हेडच्या सांध्यावर बोट फिरवा, इंजिन थंड असतानाच. तेलकट ओल लागली की भाव पाडा, नाहीतर सरळ निघा. टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनाचे भाग एका तालात फिरवणारा पट्टा, १,०५,००० मैलांना बदलायचा असतो. तो बदलल्याची पावती मागा, तोंडी ग्वाही चालायची नाही. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मात्र जुन्या वळणाचा, चार गिअरचा, दणकट.

२०१३ला नवं इंजिन आलं, बेल्टऐवजी चेन. मागे पाय पसरायला जागाही जास्त. पण काही गाड्या इंजिनातलं तेल पितात, डिपस्टिक सारखी बघावी लागते. त्यात सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअर नसलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स! त्याची वॉरंटी कंपनीने १० वर्षं किंवा १ लाख मैलांपर्यंत वाढवली होती, तीही आता संपली. बिघडला तर खर्च गाडीच्या किमतीला भिडतो.

टायरचे लाड दोघींचे सारखेच: इंजिनाची ताकद चारही चाकांना जाते, त्यामुळे चारही टायर एकसारखे झिजलेले हवेत, म्हणून एक फाटला तरी बहुधा चार घ्यावे लागतात.

गॅस्केटचं काम नीट झालेली, न गंजलेली २००९ मिळाली तर मी तीच घेईन.