एसिटालोप्रॅम १० मिलिग्रॅम : अकरा महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या दिवाळीनंतर मानसोपचारतज्ज्ञांनी मला एसिटालोप्रॅम ही नैराश्यावरची गोळी लिहून दिली, तेव्हा पहाटे साडेतीनला येणारी जाग, डब्यातून अर्धी परत येणारी पोळी आणि कार्यालयातले साधे पत्र लिहायला लागणारा दीड तास, एवढ्या तक्रारी घेऊन मी गेलो होतो. अकरा महिने गोळी रोज घेतल्यावर माझे तिच्याविषयीचे मत चांगले आहे. पहिल्या पंधरवड्यात कोणी विचारले असते, तर मात्र मी ती कचऱ्यात टाकायला सांगितले असते.

याचे कारण औषधाच्या कामाच्या रीतीत आहे. एसएसआरआय नावाच्या नैराश्यविरोधी औषधांच्या गटातले हे औषध मेंदूतील सेरोटोनिन हे मनःस्थितीशी निगडित रसायन पेशींत परत शोषले जाऊ देत नाही. ही क्रिया लगेच सुरू होत असली, तरी मनाला उभारी वाटायला साधारण २ ते ४ आठवडे, काहींना त्याहूनही अधिक काळ लागतो. दुष्परिणाम मात्र पहिल्या दिवसापासून हजर असतात. पहिला आठवडा मी अर्धी, म्हणजे ५ मिलिग्रॅमची मात्रा घेत होतो, तरीही दिवसभर मळमळत असे, तोंडाला कोरड पडे आणि जांभया तर इतक्या येत, की एका बैठकीत साहेबांनी मला घरी जाऊन झोपायला सांगितले. (जांभया हाही या औषधाचा नोंदलेला दुष्परिणाम आहे, हे मला नंतर कळले आणि उगाच हायसे वाटले.) गोळी जेवणाआधी किंवा नंतर, केव्हाही चालते, पण मी ती सकाळी पोहे-उपम्यानंतर घेऊ लागलो, तशी मळमळ दहा-बारा दिवसांत ओसरली. रात्री घेतल्यास माझी झोप मोडत असे, म्हणून वेळ बदलली, तीही डॉक्टरांना विचारूनच.

सुरुवातीच्या आठवड्यांत आणि मात्रा बदलताना अस्वस्थता वाढू शकते. पंचविशीच्या आतल्या रुग्णांमध्ये या काळात आत्महत्येचे विचार वाढण्याचा धोका असल्यामुळे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने तशी सूचना ठळक चौकटीत छापणे बंधनकारक केले आहे. म्हणून घरातल्या एका तरी माणसाला गोळी सुरू केल्याचे ठाऊक असावे, आणि असा विचार मनात आलाच तर पुढच्या तपासणीची तारीख येईपर्यंत थांबू नये, लगेच डॉक्टरांना गाठावे. ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक रात्री-अपरात्रीही चालतो आणि मराठीतही बोलता येते.

जी तक्रार माणसे डॉक्टरांपुढेही काढत नाहीत, तीही लिहितो. मळमळ गेली, जांभया गेल्या, पण लैंगिक इच्छा मंदावली ती मंदावलीच. मी दोन महिने गप्प राहिलो. अखेर पत्नीनेच तपासणीच्या वेळी विषय काढला. हा दुष्परिणाम डॉक्टरांना रोजचाच असतो, आणि मात्रा कमी करणे किंवा औषध बदलणे असे मार्ग त्यावर असतात. माझी प्रकृती नुकतीच सावरत असल्याने आम्ही तिघांनी विचार करून काही महिने थांबायचे ठरवले. तो निर्णय माझ्या माहितीने झाला, म्हणून सोसवला.

औषधाच्या दुकानाविषयी एक अनुभव सांगणे आवश्यक आहे. तिसऱ्या महिन्यात दुकानदाराने ‘तेच आहे’ म्हणून जी पट्टी दिली, तिच्या नावापुढे एक छोटे शेपूट जास्त होते. तीन दिवस मी दुचाकीवर पेंगत कार्यालयात गेलो. मग पत्नीने चष्मा लावून मागची बारीक अक्षरे वाचली, तेव्हा एसिटालोप्रॅमच्या जोडीला ०.५ मिलिग्रॅम क्लोनाझेपाम हे गुंगी आणणारे औषध निघाले. एसिटालोप्रॅमची तशी चटक लागत नाही, क्लोनाझेपामची सवय मात्र जडू शकते. तेव्हापासून मी पट्टीवरचे मूळ औषधाचे नाव आणि मात्रा चिठ्ठीशी ताडून पाहतो, आणि दुकानदार पट्टी कापून देऊ लागला तर मुदतीची तारीख माझ्या तुकड्यावर असावी असा आग्रह धरतो.

उन्हाळ्यात कंबर धरली, तेव्हा दुसऱ्या एका डॉक्टरांनी ट्रॅमाडॉल असलेली वेदनाशामक गोळी लिहिली. मी चालू औषध सांगितल्यावर त्यांनी ती खोडून साधे पॅरासिटॅमॉल दिले, कारण ट्रॅमाडॉलने या औषधाबरोबर शरीरातील सेरोटोनिन धोकादायक प्रमाणात वाढू शकते. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक किंवा अॅस्पिरिन सोबत घेतल्यास रक्तस्रावाचा धोका वाढतो, त्यामुळे घरातल्या डब्यातली गोळी सहज तोंडात टाकण्याची माझी जुनी सवय सुटली. मद्यही बंद केले. ते तसेही फारसे नव्हते.

माझी सर्वांत मोठी चूक गणपतीत झाली. पट्टी पुण्यात राहिली आणि मी कोकणात. एका दिवसाने काही बिघडले नाही. तिसऱ्या दिवशी आरतीला मान वळवली, की डोक्यात क्षणभर वीज सळसळल्यासारखे होई, आणि ताम्हन धरलेला हात थरथरू लागला. हा आजार उलटल्याचा प्रकार नव्हता, औषध एकाएकी थांबल्याचा होता. सुदैवाने चिठ्ठीचे छायाचित्र भ्रमणध्वनीत होते आणि तालुक्याच्या गावी गोळी मिळाली. चुकलेल्या दिवसांची भरपाई म्हणून दोन गोळ्या एकदम घ्यायच्या नाहीत, हेही डॉक्टरांनी फोनवर बजावले.

पहिल्या खेपेच्या नैराश्यात बरे वाटू लागल्यावरही साधारण ६ ते ९ महिने औषध चालू ठेवतात. माझे ते महिने आता भरत आले आहेत, आणि पुढच्या महिन्यापासून मात्रा पुन्हा अर्ध्यावर येईल. गोळीवर मधोमध खाच असली तरी नखाने मोडताना तिचा चुरा होतो, म्हणून गोळ्या कापायची छोटी प्लॅस्टिकची डबी आणून ठेवली आहे.